माझ्या शिवीचा जप

निजामाच्या अमलात शाळेला सुट्टी शुक्रवारची, म्हणून दर गुरुवारी दुपारी मी गावातल्या एका गाडीवानाच्या बैलगाडीतून पिंगळी स्टेशन गाठायचो. हा गाडीवान शिव्यांसाठी प्रसिद्ध होता. प्रत्येक चढाला त्याची वेगळी शिवी होती, आणि ती ऐकल्याशिवाय बैल पाय उचलत नसत.

एका एकादशीला त्याने गळ्यात तुळशीची माळ घातली. तेव्हापासून शिवी तोंडात आली की तो गाडी थांबवी, खाली उतरे आणि डोळे मिटून अकरा वेळा विठ्ठलाचं नाव घेई. त्यापायी माझी रेल्वे कितीदा तरी चुकली.

"मास्तर, जबान लय जुनी हाय. दमानं वळंल."

"आणि बैल?"

"त्यायलाबी दमानंच घ्यावं लागंल."

मला नवल वाटे. मी त्याचे थांबे मोजू लागलो. आधी वाटेत वीस-पंचवीस व्हायचे, वर्षभराने एखादाच. बैलही आता नुसत्या 'विठ्ठल विठ्ठल'वर चढ चढायचे.

एकदा ओढ्यात चाक रुतलं. कासरा माझ्या हाती देऊन तो चाकाला खांदा लावायला उतरला. रेल्वेची वेळ झाली होती. मी त्याचीच एक जुनी शिवी बैलांना हासडली. बैल जागचे हलले नाहीत.

त्याने चाक सोडलं. चिखलात उभ्या उभ्या डोळे मिटले आणि माझ्या शिवीचा जप सुरू केला. पिंगळीकडून रेल्वेची शिट्टी ऐकू आली, तेव्हा तो सातवर होता.