शुक्रवारी त्याला परत पाठवायचं होतं

इकडं हिंदी मुलखात, घमापुरात, आमची आणि शेजारणीची भिंत एकच. मी साड्यांना फॉल-पिको करते, ती बिड्या वळते. दुपारी पानं-तंबाखूचं सूप घेऊन ती माझ्या मशीनजवळ येऊन बसते आणि आम्ही दोघी जगाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतो. घरी मी मराठी बोलते, तिच्याशी हिंदी, आणि डोकं फिरलं की दोन्ही एकदम.

नवरा वारल्यावर ती आणि तिचा नऊ वर्षांचा पोरगा, दोघंच उरले. नवरा पिऊन यायचा, हिला बडवायचा, भिंतीपलीकडून मी सगळं ऐकलेलं. जनाजा उचलायच्या आधी त्यांच्यात बायकोला विचारतात, कहा-सुना माफ किया ना? बायांनी हिला हलवून हलवून विचारलं. ही तोंड दाबून बसली, हो म्हटलं नाही ते नाहीच. मग तेच तिला खात राहिलं, आपल्यामुळं तो दोज़खात, नरकात जळत असेल. जो कुराण तोंडपाठ करतो, तो आपल्या माणसांना दोज़खातून बाहेर काढतो, असं ती मानते. म्हणून पोराला तिनं बरगीच्या रस्त्यावरच्या एका मदरशात ठेवलं. राहणं-जेवणं तिथंच. गुरुवारी दुपारून घरी, शुक्रवारी संध्याकाळी परत.

त्या गुरुवारी पोरगा आला तो पायाच्या कडेवर चालत. मी तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या, तो खाली बसला आणि मला त्याचे तळवे दिसले. काळेनिळे, सुजलेले.

"अगं मायबाई! कोणी केलं रे हे?"

"सबक कच्चा था, मौसी," तो पुरी खात म्हणाला. उस्तादाची छडी जिथं लागते तिथं दोज़खची आग लागत नाही, हे त्यानं मलाच समजावलं. पाठीवर खाऊन झालं होतं, हातांवर झालं होतं. "अब पैर भी बच गए."

मी तिला हाक मारली. तिनं पाय पाहिले आणि ते मांडीवर घेऊन बसली. "काहून गप बसून राहिली तू? चल, ठाण्यात चल आत्ताच्या आत्ता!" मी ओरडले. तिनं माझं मनगट धरलं.

"तुम मत जाना दीदी. तुम बोलोगी तो बच्चे की बात नहीं रहेगी, हिंदू-मुसलमान की हो जाएगी. कल गेट पर झंडेवाले खड़े मिलेंगे."

इतकी आग झाली माझ्या अंगाची! कारण तिचं खोटं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं की ते पोराचं राहणारच नव्हतं. लेकराचे पाय सुजलेत, आणि त्यातही माझं कोण, तुझं कोण पाहायचं!

मग ती मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांकडे गेली. ते म्हणाले, उस्ताद आहेत, थोडंफार चालतं, उगाच बदनामी होईल. पण मी पाहते ना, आमच्याच गल्लीतल्या आपाजी पोरींना कुराणच शिकवतात, कधी बोट लावलं नाही, पोरी हसत जातात. आणि आमच्यात तरी काय, शाळेत मास्तरांनी माझ्या हातावर पट्टी मोडली तेव्हा माझा बाप म्हणालाच होता, आणखी दोन द्या. सगळ्यांचं मेलं सारखंच.

शुक्रवारी दुपारी तिनं पोराला सांगितलं, आता जायचं नाही. तासाभरानं आम्ही पाहतो तर पोरगा नाही, त्याची पिशवी नाही. तिनं गल्लीत अशी काही हाक मारली, की दारादारांतून बाया बाहेर आल्या. आम्ही ऑटोत बसलो.

तो मदरशाच्या गेटशी सापडला. दोन्ही हातांनी गज धरून उभा, आतून कोणी उघडायची वाट पाहत. तिनं ओढलं, तो सोडेना. तिनं बोटं सोडवली, त्यानं पुन्हा धरलं.

"अब्बू को कौन निकालेगा फिर? आपने तो माफ भी नहीं किया था!"

म्हणजे जनाज्याच्या दिवशी ऐकलं होतं त्यानं. एवढंसं लेकरू, बापाला बाहेर काढायला मार खात होतं!

ती तिथंच धुळीत गुडघ्यांवर बसली. "कर दिया माफ."

"कब?"

"अभी. मौसी के सामने."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "हां बेटा, मैंने सुना." तेव्हा कुठं त्यानं गज सोडले. आत दोन-चार पोरं उभी होती, दूर गावची, शुक्रवारीही घरी न जाणारी. त्यातलं एक म्हणालं, "आंटी, मेरी अम्मी को भी बोल दो, ले जाए." आतून कोणीतरी दरडावलं, तशी ती पांगली.

ऑटोत पोरगा माझ्या मांडीवर झोपला. ती बाहेर पाहत म्हणाली,

"झूठ बोली हूं, दीदी. नहीं किया माफ. होता ही नहीं मुझसे." मी तिचा हात धरला. मग एकदम ती ऑटोवाल्याला म्हणाली, "भैया, थाने चलो." आणि मला, "मैं लिखवाऊंगी. मेरा बच्चा है. उन बच्चों का भी मैं ही बोलूंगी. तुम बाहर बैठना."

मी बाहेरच्या बाकावर बसले, पोरगा मांडीवर. आतून तिचा आवाज येत होता, मध्येच फाटत होता, पण थांबत नव्हता. पोरगा जागा झाला, कान देऊन ऐकत राहिला.

"अम्मी उस्तादजी का बता रही हैं?"

"हो रे राजा."

मग अगदी काळजीनं त्यानं विचारलं, "तो अब उस्तादजी को कौन निकालेगा?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. ती गिळली आणि त्याच्या पायांवर पदर ओढला.