बाजूची दोन पावलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आणि ताईला — तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही तिला ओळखत नाही म्हणून असेल. शिवाय ताई या जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, परत येतेय, आणि तिकीट काढल्याचा तिचा फोन आल्यापासून माझी झोप उडालीय.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, पुण्याची. मला सायकल तिनेच शिकवली. कॅरिअर धरून मागे पळायची, आणि सोडलंय असं खोटंच सांगून धरून ठेवायची. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आमच्याकडे परदेशात, गुंगालिनला आली, तेव्हा मी तिला बर्फावर न्यायचं ठरवलं. गाडीने अडीच तास, त्यात काय. तिला स्कीचा क्लास लावू या का, असं नवरा म्हणाला. मी उडवून लावलं. क्लास कशाला, मी आहे ना? चार सीझन काय केले, स्वतःला मोठी तज्ज्ञ समजायला लागले होते.

शिकवलं मात्र नीट, हे खरं. थांबायचं कसं, तेच आधी. स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, गुडघे वाकवायचे — त्रिकोण होतो ना, म्हणून इथे पोरांना हे पिझ्झा म्हणून शिकवतात. ताई हसली. तिला जमलंही, दोनदा. मग बाजूला सरकायला शिकवलं. स्की पायात असताना पटकन बाजूला होता येत नाही हो. एक पाय उचलायचा, बाजूला ठेवायचा, मग दुसरा उचलून त्याच्याशेजारी आणायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ती जरा वर चढली आणि घाबरली. घाबरणारच. पंचावन्न वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघतेय. नवरा कॉफी आणायला गेला होता. मी खाली सपाट जागी तिच्याकडे तोंड करून उभी राहिले, माझ्यामागे कुंपण. शिकणाऱ्याच्या वाटेत उभं राहायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी दोन्ही हात पसरले आणि ओरडले, "ये गं ताई, नाही थांबलीस तर मी धरते."

या एका वाक्यावर ती निघाली.

पिझ्झा मोडला. स्की सरळ झाल्या, वेग वाढला. ती ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. आणि मला — कसं सांगू — मला तिची भीती वाटली. माझ्याच ताईची. तिच्या वजनाची, त्या टोकांची, माझ्या गुडघ्यांचं काय होईल याची. मी बाजूला झाले.

दचकून झाले, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मघाशी सांगितलं ना? दचकून होत नाही ते. एक पाय उचलावा लागतो, ठेवावा लागतो, मग दुसरा. तेवढा वेळ होता माझ्याकडे. हात मात्र तसेच पसरलेले राहिले.

ताई माझ्या शेजारून गेली आणि कुंपणाच्या खांबावर आदळली, उजव्या खांद्यावर. तिथले बचावपथकवाले बर्फावरची घसरगाडी घेऊन येईपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी काय केलं, ते कुणाला माहीत नाही. बर्फात माझ्या स्कीचे ठसे उमटले होते — शेजारी शेजारी, अगदी स्पष्ट. ती कण्हत पडली होती आणि मी आधी ते ठसे पुसले. मग तिच्याकडे गेले. काय झालं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, "शी पॅनिक्ड. एकदम वळली."

ताईने ते ऐकलं. आणि खरं मानलं.

आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वेणी सून घालून देते. आणि ही बाई दर वेळी, कुणीही विचारलं की, कौतुकाने सांगते, "मीच वेंधळी, वाकडी गेले. ही बिचारी हात पसरून उभी होती, मी बघितलं ना." मी काय करते तेव्हा? विषय बदलते. चहा टाकायला उठते.

या वेळी ती नातीला घेऊन येतेय. सात वर्षांची आहे. तिला स्की शिकायचीय, आणि क्लास नको म्हणे, मावशीआजीच हवी. परवा व्हिडिओ कॉलवर ताई तिला माझ्यासमोर म्हणाली, "अजिबात घाबरायचं नाही. मावशीआजी खाली उभी असते."

मी हो म्हटलं. फोन ठेवला, आणि किचनमध्ये उभ्या उभ्या तीच दोन पावलं बाजूला टाकून बघितली.

डावा पाय आधी उचलला होता मी. मग उजवा.