चष्मा घालण्याआधी

वणीकडच्या एका खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात बातमीच्या निमित्ताने मी बरेचदा गेलो. तिथे नव्या कामगारांना आभासी खाणीचा चष्मा घालून देणारे एक गृहस्थ आहेत. चष्म्यात धूर आणि कोसळतं छत दिसतं. प्रत्यक्षात असते रिकामी खोली. माणूस भिंतीवर आदळू नये म्हणून ते मागून त्याचा शर्ट दोन बोटांनी धरून चालतात. "भेऊ नको, मी आहो ना मांगं," एवढंच बोलत राहतात.

एकदा, कापूस परवडेना म्हणून वावर खाणीला देऊन त्याबदल्यात नोकरी घेतलेला एक तरुण आला. ही शेवटची चाचणी हुकली तर नोकरी जाणार होती. चष्म्यात खाणीचं तोंड दिसताच तो वाकून जमिनीच्या पाया पडला. कामगार कोसळला असं समजून यंत्राने चाचणी थांबवली. रांगेतले बाकीचे कामगार हसले.

"देऊळ दिसलं का बे?"

"वावरात शिरतानी पाया पडतोच ना आमी," तो पुटपुटला.

गृहस्थांनी त्याचा चष्मा काढला. "बराबर केलं तुनं. फक्त चष्म्याच्या आंधी पडाचं." गुडघा धरून तेही वाकले आणि त्यांनी फरशीला हात लावला. हसणं थांबलं. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि तरुण धुरातून नीट बाहेर आला.

आता नवा माणूस समोर आला की ते आधी विचारतात, "पाया पडून झालं का, बापू?"