सेवंतीची ओळ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, शेजारच्या वहिनींना नाही, धारच्या माझ्या बहिणीला तर नाहीच — तिला वाटतं की माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक आहे. रोज देवापुढे बसते, पण तिथेही हात जोडून भलतंच काही पुटपुटते आणि उठते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

देवासच्या एका मिशनच्या शाळेत मी सव्वीस वर्षं दुसरीला शिकवलं. शाळा कॅथलिक, आम्ही आपले इथल्या जुन्या मराठी सरकारांच्या, म्हणजे संस्थानिकांच्या, कारकुनांच्या घरातले — सोवळंओवळं, श्रावणी, सगळं. महिन्यातून एकदा फादर यायचे आणि वरच्या वर्गांतली ख्रिस्ती मुलं एकेक करून कन्फेशनला आत जायची. काय मेलं पाप असणार त्यांचं? कुणाचं रबर ढापलं असेल. पण बाहेर येताना चेहरे कसे हलके! मी व्हरांड्यात रांग सांभाळत उभी असायचे आणि मला त्या पोरांचा हेवा वाटायचा. आधी नव्हता वाटत. सेवंतीनंतर वाटायला लागला.

घेतलं एकदाचं नाव.

सेवंती उदयनगरच्या पुढे जंगलातल्या एका वस्तीवरची, बारेला आदिवासी घरातली. सात वर्षांची. शाळेच्याच वसतिगृहात राहायची. आई नव्हती. वडील नानसिंग, दर रविवारी बस बदलत बदलत भेटायला यायचे. पोरीच्या कानात कायम कापसाचा बोळा — कान वाहायचा. पावसाळ्यात वसतिगृहातल्या निम्म्या मुलींचे वाहायचे, कोण लक्ष देतंय? ही तिच्या कानांची गोष्ट आहे. ते कान गेले. जात होते तेव्हा ते फक्त मला ठाऊक होतं.

थांबा, नीट सांगते. आधी शनिवारचं पान सांगायला हवं, नाहीतर माझं काहीच कळायचं नाही तुम्हाला.

आमच्या प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या. फार कडक, फार भल्या. त्यांची एक रीत होती — ‘हफ्ते का पन्ना’. दर शनिवारी प्रत्येक वर्गाचं एक पान निघायचं: या आठवड्यात कोणता पाठ झाला, कोणती प्रार्थना, ‘नैतिक शिक्षा’च्या तासाचं या आठवड्याचं मूल्य कोणतं — सत्य, सेवा, क्षमा — आणि खाली प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक ओळ. हे मूल या आठवड्यात काय शिकलं. बेचाळीस मुलं, बेचाळीस ओळी! आणि नियम असा की वाईट एक अक्षर लिहायचं नाही. सिस्टर म्हणायच्या, “बच्चे ने क्या सीखा, वही लिखो मैडम. जो नहीं सीखा, वो हमारा पाप है.” ओळ रिकामी सोडलेली त्यांना चालायची नाही. रिकामी ओळ म्हणजे बाईंनी त्या मुलाकडे आठवडाभर पाहिलंच नाही.

आता शुक्रवारी संध्याकाळपर्यंत बेचाळीस मुलांचं खरं-खरं कुणाला आठवतंय हो? सगळ्याच बाया थोडंफार रचायच्या. मीही रचायचे. सेवंतीचं तर मला काहीच सापडेना, म्हणून जूनच्या अखेरीस मी लिहिलं — ‘सेवंती ने प्रार्थना सुनकर याद की.’ पुढच्या आठवड्यात — ‘कहानी ध्यान से सुनी.’ लिहायला किती सोपं होतं ते! इतरांची पानं पालकांच्या ग्रुपवर जायची, वसतिगृहातल्या मुलांची छापून हातात. नानसिंगला वाचता येत नव्हतं. तो रविवारी वसतिगृहाच्या सिस्टरकडून आपली ओळ वाचून घ्यायचा, दोनदा, आणि पान घडी करून पन्नीच्या, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा.

आणि मग ते सुरू झालं.

मला एक खोड आहे. मनातलं बोलताना माझे ओठ हलतात. आवाज नाही — नुसते ओठ. आमच्या आईचेही हलायचे. वर्गात मुलं लिहीत बसली की मी टेबलाशी बसून अशीच काहीबाही मराठीत बोलत असायचे, निःशब्द. त्या दिवशी मनात आलं, डाळ भिजवायची राहिली. आणि पहिल्या बाकावरून आवाज आला — सपाट, वर नाही, खाली नाही — “डाल मिजवायची लायली.”

मी वर पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. पोरगी घरी बारेली बोलायची, हिंदी जेमतेम, मराठी तर तिने जन्मात ऐकली नव्हती. आणि मी तोंडातून आवाज काढलाच नव्हता, देवाशप्पथ! बाकीची मुलं हसायला लागली. मी ओरडले, “चुप!” सगळी गप्प झाली. ती मात्र माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

पुढे दोन-तीनदा झालं. एकदा सिस्टर वर्गात आल्या होत्या, त्या वळल्यावर मी मनात म्हटलं, ‘मेली छळते नुसती’ — आणि तो सपाट आवाज माझं म्हणून व्हायच्या आत खोलीत पसरला. नशीब, सिस्टरना मराठी येत नव्हती. त्या उलट खूश झाल्या — अरे वा, सेवंती बोली!

मग ऑगस्टमधली ती दुपार. आमच्या ह्यांच्या वर्षश्राद्धाचा दिवस. मुलं जेवायला गेली होती, मी रिकाम्या वर्गात बसून ह्यांच्याशी बोलत होते. बाई बोलतेच हो, कुणी नसलं की. शेवटी मी नाव घेतलं — जे हयातीत कधी घेतलं नव्हतं, उखाण्यातच काय ते. आणि दारातून कुणीतरी ते नाव परत उच्चारलं. बोबडं, तुटकं, पण तेच नाव. दारात सेवंती उभी होती, हातात जेवणाची थाळी.

मी घाबरले. साफ घाबरले. एवढीशी पोर, तिला घाबरले! मला वाटलं, हिच्यावर काहीतरी आहे. वाटलं तेवढ्यावर थांबले असते तर — नाही थांबले. वसतिगृहाच्या आयाला बोलून गेले, “इस लड़की पर कुछ ऊपरी हवा है क्या, देखो तो.” दुसऱ्या दिवसापासून मुली तिच्याशेजारी झोपेनात. तिचं अंथरूण भिंतीकडे एकटं. आणि वर्गात मी तिला उचलून शेवटच्या बाकावर बसवलं, उंच मुलांच्या मागे.

तिथे ती बोलायची पार थांबली. पण मान लांब करून, एकदा या डोक्यावरून, एकदा त्या डोक्याआडून माझं तोंड शोधायची. मी फळ्याकडे वळले की तिचे डोळे पाठीवर जाणवायचे. घंटा झाली की सगळी मुलं उठायची आणि ती एका श्वासानंतर उठायची — दररोज, प्रत्येक तासाला, बरोबर एका श्वासानंतर. मला ते बघवेना. मला वाटायचं, ही आपल्यातली नाहीच, ही आपल्यासारखं करून दाखवतेय.

मग एक दिवस मी मागे फेऱ्या मारत होते आणि पाण्याचा स्टीलचा जग माझ्या हातून सुटला. फरशीवर, तिच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. अख्खा वर्ग दचकला. एक मुलगी रडायला लागली. सेवंती चित्रात रंग भरत होती. ती भरत राहिली.

त्या क्षणी मला सगळं कळलं. भूत नाही, हवा नाही, काही नाही. पोरीला ऐकू येत नव्हतं. ती माझे ओठ वाचत होती. आमच्या सगळ्यांचेच ओठ वाचत होती, म्हणून तर आवाज काढला काय, न काढला काय, तिला एकच. आणि तिला ओठ दिसू नयेत म्हणून मीच तिला मागे नेऊन बसवलं होतं.

इतकं कळल्यावर माणूस काय करेल? धावत ऑफिसात जाईल ना? जिना उतरून सिस्टरच्या दारापर्यंत मी गेलेही. दाराशेजारच्या फलकावर आमच्या वर्गाची पानं लावली होती — सिस्टरना माझं पान आवडायचं, इतर बायांना नमुना म्हणून दाखवायच्या. ‘सेवंती ने कहानी सुनकर दोहराई.’ ‘सेवंती ने गीत सुनकर ताल दी.’ ओळीखाली माझी सही. आत जाऊन काय सांगायचं होतं? की हे सगळं मी रचलं? की या मुलीने यातलं काहीच ऐकलेलं नाही? मी तिथे उभी राहिले, पदर सारखा केला आणि वर परत आले.

आणि त्या शनिवारी लिहिलं — ‘सेवंती ध्यान से सुनती है.’

आधीच्या ओळी आळशीपणाच्या होत्या, तेवढं म्हणता येईल. ही नव्हती. ही मी जाणून लिहिली, आणि यानंतरची प्रत्येक जाणून लिहिली. सप्टेंबर, ऑक्टोबर, दिवाळी, नाताळ. नाताळच्या झांकीत, गोठ्याच्या देखाव्यात, तिला मेंढरू केलं होतं, बोलायचं काही नव्हतं, तरी मी लिहिलं की घंटी ऐकून वेळेवर आली. मनात म्हणायचे, पुढच्या आठवड्यात सांगू. पुढच्या सोमवारी नक्की. तिला पुन्हा पुढे बसवावं, तेही नाही केलं हो! पुढे बसवलं तर ती परत बोलेल, आणि कुणी विचारेल की ही अशी का बोलते.

फेब्रुवारीत तिला ताप आला. उशीवर पू आणि रक्त. वसतिगृहाच्या सिस्टर बाहेरगावी होत्या, नानसिंगला बोलावून घेतलं होतं, पण त्याला सरकारी दवाखान्यातलं काही समजायचं नाही, म्हणून प्रिन्सिपल सिस्टरनी मला बरोबर पाठवलं. ऑटोत ती आम्हा दोघांच्या मधे बसली होती. ऑटोवाला भिया सारखा मागे वळून विचारत होता की मुलीला काय झालं, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

डॉक्टर तरुण होता. कानात पू भरलेला, आतलं दिसेना. त्याने एक चिठ्ठी लिहायला घेतली — इंदूरच्या मोठ्या हॉस्पिटलची. लिहिता लिहिता विचारलं, “सुनना कब से कम है? पुराना है तो आज ही भेजना पड़ेगा. अंदर हड्डी गलने लगती है.”

नानसिंगने पिशवी उघडली. सगळी पानं होती त्यात, जूनपासूनची, एकही चुकलेलं नाही. त्याने ती टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी. म्हणाला, “साब, इसमें सब लिखा है. मैडम हर हफ्ते लिखती हैं.” डॉक्टरने वरचं पान वाचलं. गेल्याच शनिवारचं. ‘सेवंती ने घंटी सुनकर सबसे पहले पंक्ति बनाई.’ त्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“मतलब पिछले हफ्ते तक सुन रही थी?”

किती वेळ होता माझ्याकडे? पुष्कळ होता. पंखा गरगरत होता, बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. सेवंती माझ्या तोंडाकडे बघत होती, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा इतक्या जवळून.

मी म्हटलं, “हां. आठ दिन से है बस.”

आणि ती बोलली. त्या तसल्याच आवाजात, माझ्या पाठोपाठ — “आठ दिन से.”

नानसिंग उभाच राहिला. हसायला लागला तो, डोळ्यांत पाणी. “सुन रही है! साब, देखो, सुन रही है!” डॉक्टरही हसला. त्याने ती अर्धी चिठ्ठी चुरगाळून डब्यात टाकली. सर्दीचं आहे म्हणाला, थेंब दिले, महिन्याने आणा म्हणाला. मला तेव्हाही बोलता आलं असतं. दारापर्यंत पाच पावलं होती. त्या सगळ्या पावलांत ती मागे वळून माझ्याकडेच बघत होती, आणि मी तोंड मिटून घेतलं होतं.

थेंबांनी पू सुकला, ताप गेला. महिन्याने कुणी नेलं नाही, मीही आठवण केली नाही. परीक्षा झाल्या, सुट्टी लागली, ती गावी गेली. मे महिन्यात ताप डोक्यात चढला. इंदूरला नेलं तेव्हा शुद्ध नव्हती. ऑपरेशन झालं, जीव वाचला. डावा कान आधीच संपलेला होता. उजवा दोन-तीन महिने आधी आणला असता तर राहिला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सिस्टरना सांगितलं, आणि सिस्टरनी स्टाफरूममध्ये आम्हाला. त्या रडल्या. मीही रडले, सगळ्यांसमोर, आणि बायांनी माझ्या पाठीवर हात ठेवले.

भादव्यात नानसिंग शाळेत आला, दाखला घ्यायला. ती आता मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत जाणार होती. माझ्यासाठी त्याने शेतातले भुट्टे आणले होते, फडक्यात बांधून. माझ्यापेक्षा वयाने मोठा माणूस, खाली वाकला आणि माझ्या पायांना हात लावला. म्हणाला, “मैडम, आपके पास थी, तब तक सुनती थी.”

मी म्हटलं, “हां.”

भुट्टे घेतले. घरी नेऊन भाजले, आणि खाल्ले.