पंप नवा की जुना

आमच्या डिझेल पिकअपचा पंप गेला तेव्हा मी आमच्या ह्यांच्यावर जेवढी ओरडले, तेवढी उभ्या संसारात ओरडले नसेन. आणि ओरडण्यात मी मुळात कमी नाही. मी साताऱ्याकडची, हे मालवणकडचे, आणि बिऱ्हाड भांडुपच्या चाळीत, जिथे एका खोलीत शिंकलं की चौथ्या खोलीतून चौकशी होते.

संपात ह्यांची गिरणी बंद पडल्यावर ह्यांनी ही पिकअप घेतली. मुलुंडच्या एका औषधाच्या कारखान्यातले खोके अंधेरीच्या गोदामात पोचवायचे, एवढं एकच बांधलेलं काम होतं. त्यावर घर चालायचं. एका मंगळवारी नाहूरजवळ गाडीने काळा धूर ओकला आणि बसली ती बसलीच. मिस्त्रीने बघून सांगितलं, इंजिनात डिझेल मोजून मारणारा पंप संपलाय, दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय, दुसरा घाला. कारखान्याचा साहेब भला माणूस. म्हणाला, "येत्या सोमवारचं मी कसंतरी निभावतो. पण त्याच्या पुढच्या सोमवारी आठ वाजता गाडी गेटवर नसली, तर काम दुसऱ्याला देणार. मग माझ्याकडे यायचं नाही."

म्हणजे हातात जवळजवळ दोन आठवडे. एवढ्यात लोक लग्न जमवून उरकतात.

पंपही दोनच होते हो! एक अंधेरीच्या दुकानातला, कोरा, डब्यातला. दुसरा मिस्त्रीकडेच पडलेला. भंगारात गेलेल्या गाडीचा काढून, आतले झिजलेले भाग बदलून, मशीनवर लावून तपासलेला. ह्यांनी काय करावं? अख्ख्या चाळीला विचारलं. रिक्षावाला म्हणाला नवा. दूधवाला, ज्याने जन्मात सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं, तो म्हणाला, "जुन्या इंजिनाला जुनाच पंप सोसतो." हे दोघांपुढेही मान डोलवून घरी आले.

"अहो, घ्या ना एकदाचा कुठलाही!"

"खयचोय कसो घेवचो? चुकलो तर?"

मग ह्यांनी ठरवलं, गावच्या देवाला कौल लावायचा. आमच्याकडे हे नाही, म्हणून मला लग्नानंतर कळलेलं. देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना फुलांच्या कळ्या लावतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. जमीन, सोयरीक, आजारपण, ह्यांच्या घरात सगळं त्यावर ठरतं. देवाला माझा विरोध नाही. पण डिझेलचा पंप? गावी जाणाऱ्या एकाच्या हाती चिठ्ठी गेली, "नवा घ्यावा काय?" आणि हे दारात बसून उत्तराची वाट बघू लागले. आठ दिवस! भाजी चिरता चिरता माझं तोंड चालूच. "देवाला लायसन कधी मिळालं हो?" असंसुद्धा म्हटलं. सासूबाई तेव्हा गावाला होत्या म्हणून निभावलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी उत्तर आलं. उजवी कळी पडली, नवाच घ्या. शुक्रवारी हे अंधेरीहून डबा घेऊन आले, चेहरा असा की घरात नवरी आणलीय. मिस्त्रीला बरोबर नेलं नव्हतं. का, तर त्याचा पंप नाकारला, त्याला वाईट वाटेल! बिघडलेला पंप नमुन्याला न्यावा, तर तोही मिस्त्रीकडे, मागायला ह्यांना संकोच.

शनिवारी मी मुद्दाम गॅरेजवर गेले. मिस्त्रीने डबा उघडला, पंपावरच्या पट्टीवरचा बाण बघितला, दांडा हाताने फिरवला आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, हा डावीकडे फिरणारा आहे. आपलं इंजिन उजवीकडे फिरवतं. ह्याच्यावर गाडी चालू होणार नाही."

देवाने कौल उजवा दिला आणि माझ्या नवऱ्याने पंप डावा आणला! दुकानदार बदलून द्यायला तयार होता, पण उजवा माल पंधरा दिवसांनी येणार. माझी जी सटकली, की गॅरेजमधली माणसं हातातली कामं टाकून बघायला लागली. "लागली ना वाट! आता देवालाच सांगा परवा खोके उचलायला!"

रविवारी सकाळी हे भिंतीला टेकून नुसते बसलेले. चहालाही हात लावला नव्हता. मला रागही येत होता आणि उद्याची काळजीही होती. शेवटी मी म्हटलं, "मिस्त्रीकडचा जुना बसवा. मी सांगते. वाटेत बंद पडला तर माझ्यामुळे पडला, चाळभर सांगा."

हे तटकन उठले. सदरा चढवला, चपला घातल्या आणि निघाले. एक शब्द वाद नाही.

दुपारपर्यंत पंप बसला. पाइपांतली हवा काढली, इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. सोमवारी पावणेआठला आम्ही कारखान्याच्या गेटवर. आम्ही, कारण जबाबदारी माझी म्हणून मीही शेजारी चढून बसले होते. साहेबाने घड्याळ बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि फाटक उघडायला सांगितलं. काम वाचलं.

मागे खोके भरत होते. मी म्हटलं, "एवढंच हवं होतं, तर पहिल्याच दिवशी मला का नाही विचारलं? देव कुठे तिकडे गावाला, मी इथे दोन हातांवर!"

ह्यांनी फडक्याने स्टिअरिंग पुसलं. मग म्हणाले, "गिरणीत संपाक हात वर केलंय, तो कोणाक न इचारता. मगे काय झालां, तां तू बघितलंस. तेवापासून माका धीर होना नाय."

"मग मला विचारायचं ना!"

माझ्याकडे न बघता, अगदी साधेपणाने म्हणाले, "देव वरडना नाय गो."