हिंदीतला होकार

आमच्या घरात परक्यांसमोर होकार हिंदीत देतात आणि शंका मराठीत काढतात, त्याही घरी आल्यावर. बाबांच्या किडनीवर गाठ निघाली तेव्हाही हेच झालं.

दिल्लीचे सर्जन महिन्यातून एकदा उत्तरेतल्या आमच्या शहरात, सदर बाजारातल्या दवाखान्यात बसत. रोबोटने ऑपरेशन कसं होतं, ते त्यांनी नीट समजावलं. बाबांची मान नंदीबैलासारखी हलत होती. समजलं का, विचारल्यावरही ‘जी, डॉक्टरसाहब’. संमतीपत्रावर सही करून मोकळे.

परतताना ऑटोत बाबा निवांत होते. म्हणाले, “यंत्र कापणार म्हटल्यावर काळजी मिटली. माणसाचा हात मध्ये नको.”

मी कपाळावर हात मारला. कारखान्यात दुसऱ्याच्या चुकीने त्यांच्या सोबत्याची बोटं गेली होती. तेव्हापासून त्यांचा विश्वास यंत्रावर. हे यंत्र आपणहून काही करत नाही, डॉक्टर बाजूला बसून त्याचे हात चालवतात, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आमचं प्रेम नगर आल्यावर म्हणाले, ऑपरेशन नको.

मला रागच आला. गाठ थांबणार होती थोडीच! घरी भाऊ म्हणाला, सही झालीय, आता कशाला उकरून काढतेस? पण बाबांनी ज्याला हो म्हटलं होतं, ते ऑपरेशन जगात कुठेच होत नव्हतं. डॉक्टर संध्याकाळच्या गाडीने जाणार होते. मी ऑटो पुन्हा बोलावली.

डॉक्टरांसमोर बाबा परत ‘जी’ म्हणू लागले. मी म्हटलं, “बाबा, मराठीत विचारा. मी सांगते त्यांना.”

“तुमचा हात चुकला तर?”

मी ते हिंदीत विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. हाताची थरथर यंत्र पुढे जाऊ देत नाही, म्हणाले, पण कुठे कापायचं ते मीच ठरवतो. “गलती मुझसे हो सकती है, बाबूजी.” रक्त थांबलं नाही तर रोबोट बाजूला करून पोट उघडावं लागेल, हेही त्यांनी पुन्हा सांगितलं.

बाबा बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ठीक है. कीजिए.” त्यात ‘जी’ नव्हतं.

दिल्लीत रक्त थांबलं नाही. पोट उघडावं लागलं. गाठ निघाली, पण बाबा शुद्धीवर आल्यावर त्यांना काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. डोळे उघडल्यावर त्यांचा हात पोटावरच्या पट्टीवरून फिरत गेला. पट्टी लांबच लांब होती.

“सांगितलं होतं त्यांनी,” बाबा म्हणाले आणि माझा हात धरून झोपले. रडू मलाच आलं.