महारुद्राचा एसी

उमरग्याच्या महारुद्राला डिझेल जाळायचं म्हटलं की जिवावर यायचं. टाकी भरायला तो मुद्दाम कर्नाटकच्या हद्दीतल्या पंपावर जायचा, तिकडं स्वस्त म्हणून. उतार लागला की गाडी न्यूट्रल. आणि एसी? नावच काढायचं नाही! जुनी गाडी घेतल्यापासून त्या बटणाला त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं. "काच खाली करा की, देवाचा वारा फुकट हाय," म्हणायचा. असला चिकट माणूस!

आज मात्र त्याला काही सुचत नव्हतं. लेक महेश्वरी पुण्यात, पहिलंच बाळंतपण. तिला माहेरी आणायची, तर विहीणबाईंनी फोनवर ठणकावलं होतं, "एवढ्या उन्हात एसीची गाडी असेल तरच पाठवीन. आणि आजच न्या. उद्या अमावस्या, परवा आठवा महिना लागतो, मग मी पाठवायची नाही." यानंही बेधडक सांगून टाकलं होतं, "एसी हाय की!"

सोलापूर मागं पडलं तशी बायको सिद्धम्मा म्हणाली, "अहो, एकदा लावून तरी बघा."

"येताना लावू. आत्तापासनं कशाला जाळायचं?"

पण मनात किडा वळवळायला लागला. टेंभुर्णी गेलं, इंदापूर गेलं. हात बटणाकडं जायचा आणि माघारी यायचा. भिगवणला राहवलं नाही, दाबलंच. आतून भसकन धूळ आली आणि तिच्यामागनं चुलीपुढची धग.

"झालं!" सिद्धम्मानं कपाळावर हात मारला. "वाचवा अजून डिझेल!"

रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं. "काका, कधी लावतच नव्हता का? पडून पडून आतली रबरं वाळली, गॅस उडून गेला. उद्याच होईल आता."

उद्या! महारुद्रानं बॉनेट दाणकन लावून टाकलं. पुण्यापर्यंत तो स्वतःलाच शिव्या घालत होता.

विहीणबाई दारातच उभ्या. चहापाणी उरकलं. ओटी भरून झाली, महेश्वरी गाडीत बसली आणि विहीणबाई काचेपाशी आल्या. "दादा, एसी लावा बघू."

महारुद्रानं बटण दाबलं. कानामागून घामाची धार लागली. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात, झळीनं लालबुंद झालेल्या महेश्वरीनं पदर अंगाभोवती घट्ट लपेटला.

"अप्पा, जरा कमी करा की. थंडी वाजतीय," म्हणाली आणि तिनं काच वर घेतली.

विहीणबाई समाधानानं मागं सरकल्या.

गल्लीचं वळण संपताच सगळ्या काचा खाली आल्या. "तुमाला मी आजच वळखतीय व्हय, अप्पा?" महेश्वरीला हसू आवरेना. महारुद्राला मात्र हसता येईना, डोळेच भरून आले. त्यानं गाडी सरळ एसीच्या दुकानात नेली आणि घासाघीस न करता काम सांगितलं. मुक्काम पुण्यातच, सिद्धम्माच्या बहिणीकडं. "अमावस्येच्या आधी पाऊल बाहेर पडलंय, बास झालं," सिद्धम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडी सोलापूरच्या रस्त्याला लागली. उतार आला, हात सवयीनं गिअरवर गेला, पण त्यानं तो काढून घेतला. एसी फुल होता.

"अप्पा," मागनं महेश्वरी म्हणाली, "आता खरंच थंडी वाजतीय."

"वाजू दे," महारुद्र म्हणाला. "आईची शाल घे."